वस्तीची गोष्ट, वस्तीच्याच तोंडून: नागपुरात गोष्टींची जाहीर बैठक कशी भरवावी

नागपूरची ओळख विचारली की संत्री, झिरो माइल, दीक्षाभूमी आणि सावजी एवढं कोणीही सांगतं. पण सावजीचं जेवण ज्या हलबा-कोष्टी विणकरांच्या चुलीवरून हॉटेलात आलं, त्यांच्या घरातला माग कधी थांबला, हे त्या घरांबाहेर फारसं कोणी विचारत नाही. अशा राहून गेलेल्या गोष्टी चारचौघांत सांगता-ऐकता याव्यात म्हणून बैठक भरवायची. तीस-चाळीस माणसं, तीन सांगणारे, दोन तास आणि नेमका एक विषय एवढंच भांडवल लागतं. व्याख्यान आणि सत्कार यांना इथे जागा नाही. गोष्ट ज्याची आहे त्याच्या हातून ती सुटता कामा नये, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

विषय: जेवढा लहान तेवढा बरा

‘विणकर समाजाचा इतिहास’ हा विषय घेतलात तर बैठक हमखास पडते. पहिला वक्ता पुराणकाळापासून सुरू करतो आणि तिसऱ्याची पाळी येईस्तोवर लोक चपला शोधायला लागतात. ‘घरातला खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग) बुजवला ते वर्ष’ हा विषय घ्या. तांडापेठ, गोळीबार चौक, पाचपावली या भागात त्यावर बोलू शकणारी माणसं घरोघरी मिळतील.

विषय योग्य आहे का, हे तपासायला तीन प्रश्न पुरतात. निदान तीन वेगवेगळ्या घरची माणसं स्वतःच्या अनुभवातून त्यावर बोलू शकतील का? हातात धरता येईल अशी एखादी वस्तू त्याच्याशी जोडलेली आहे का? आणि वस्तीतल्याच तरुण मुलांना त्यातून काही नवं कळेल का? तिन्हींना ‘हो’ असेल तर पुढे जा.

शहरात असे विषय पुष्कळ आहेत. कामठीत बिडी वळणाऱ्या बायकांचा दिवस किती वाजता सुरू व्हायचा आणि ठेकेदार बिड्या कशावरून नापास करायचा? ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) कामठीचेच, आणि त्यांनी बिडी कामगारांची संघटना उभारली होती. त्यामुळे हा विषय चुलीपासून चळवळीपर्यंत आपोआप जातो. तलावांवर मासे आणि शिंगाडे काढणारे ढीवर, जरीपटक्यात फाळणीनंतर येऊन राहिलेली सिंधी कुटुंबं, मोमिनपुऱ्यातले अन्सारी विणकर हे आणखी काही. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, पण आज शहरात राहणाऱ्या गोंड कुटुंबाला त्या राजाविषयी काय वाटतं, हा प्रश्न किल्ल्याच्या सहलीत कोणी विचारत नाही.

एम्प्रेस मिलवर तर डझनभर बैठका होतील. मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, जमशेटजी टाटांनी काढली, हे सगळीकडे छापलेलं आहे. रात्रपाळीच्या भोंग्यावर घरचं घड्याळ कसं लावायचे, हे छापलेलं नाही. बैठकीत ते आलं पाहिजे.

सांगणारे कोण?

कोणत्याही वस्तीत पहिलं नाव सुचवलं जातं ते समाजाच्या अध्यक्षांचं. त्यांना भेटा, बैठकीचं निमंत्रण द्या, सल्ला घ्या. त्यांना वगळून कार्यक्रम केलात तर तो होणारच नाही. पण सांगणारा म्हणून त्यांना पहिली पसंती देऊ नका. तीच गोष्ट दहा व्यासपीठांवर सांगून गुळगुळीत झालेली असते.

खरे सांगणारे सापडतात ते बचत गटात, बुद्ध विहारात, चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत. अंगणवाडी सेविकेला विचारा, गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं घर ती अचूक दाखवते. तिघांत एक तरी बाई हवी, आणि दोन पिढ्या तरी हव्यात. मागावर धोटा फेकणारा पुरुष असायचा, पण कांड्या भरणं, सुताला खळ देणं ही कामं घरच्या बायका-मुलं करायची. फक्त पुरुषाला बोलावलंत तर निम्मा धंदा गोष्टीतून गायब होतो.

तिघंही एकाच नात्यातले किंवा एकाच पक्षाचे नसावेत. याचा त्रास बैठकीत कळत नाही, नंतर वस्तीत कळतो.

पूर्वभेट: खरं काम इथेच

बैठक दोन तासांची, पण तिच्यामागे प्रत्येक सांगणाऱ्याशी निदान दोन भेटी हव्यात. पहिली भेट साधारण चाळीस मिनिटांची, रेकॉर्डर न काढता. तुम्ही कोण, हे कशासाठी, पैसा कुठून येतो, ऐकायला कोण येणार, हे सगळं सांगा. दुसरी भेट रेकॉर्डरसह, पण तासाभरापेक्षा लांबवू नका. सत्तरीच्या पुढचं माणूस तासानंतर थकतं आणि मग ‘तसंच होतं सगळं’ असं म्हणून मोकळं होतं.

हाक मारताना घरचे मारतात तशी मारा: आजी, काकाजी, मावशी, मोमिनपुऱ्यात चाचा, खाला. ‘सर’, ‘मॅडम’ म्हटलं की समोरचा माणूस मुलाखतीची भाषा बोलू लागतो. तुम्ही मात्र ‘तुम्ही’च म्हणा, वय कमी असलं तरी.

प्रश्न ‘सांगा ना तुमच्या आठवणी’ असा असेल तर उत्तर मिळतं, ‘काय सांगू बाप्पा, लय कष्ट केले.’ त्यापुढे गाडी जात नाही. म्हणून दिवसाच्या कामावरून सुरू करा. पहाटे उठल्यावर पहिलं काम कोणतं? एक लुगडं विणायला किती दिवस? मजुरी कोण आणायचं, ती कोणाच्या हातात जायची? माग घरात कुठल्या भिंतीला होता? जमिनीवर बोटाने काढून दाखवायला सांगा. हात हलू लागले की आठवण मोकळी होते.

साल विचारू नका, घटना विचारा. म्हाताऱ्या माणसांना ‘१९५८’ आठवत नाही, पण ‘दीक्षेच्या आधी की नंतर?’ हे नक्की सांगता येतं. नागपूर आणि आसपासच्या भागात या खुणा उपयोगी पडतात: १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा सोहळा, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूरची राजधानी गेली तो दिवस, १९६० सालचा महाराष्ट्र, १९९१ च्या जुलैत मोवाडला आलेला पूर, २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात झालेली चेंगराचेंगरी, म्हणजे गोवारी दुर्घटना, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून शहरात शिरलेलं पाणी. घरगुती खुणाही घ्या: ‘थोरली शाळेत जात होती का तेव्हा?’ असं केलं की साल एक-दोन वर्षांच्या फरकाने पक्कं होतं.

त्यानंतर कागद मागा, हळू आवाजात. मिलचा बिल्ला, पगाराची पावती, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला. लग्नपत्रिका ही सगळ्यात बेवारशी पण सगळ्यात कामाची चीज आहे. तारीख, पत्ता, नात्यातली नावं, कधी छापखान्याचं नावसुद्धा एका कागदावर मिळतं. कागद घरातून बाहेर नेऊ नका, तिथेच फोटो काढा. ‘स्कॅन करून आणून देतो’ म्हणून नेलेला फोटो हरवला की त्या गल्लीत तुमच्यामागून येणाऱ्या दहा जणांसाठी दार बंद होतं.

इथे एक धोक्याची सूचना. विणकर वस्तीत ‘तुमचे पूर्वज काय करायचे?’ हा प्रश्न वाटतो तेवढा निरागस नाही. हलबा-कोष्टींना अनुसूचित जमातीचा दाखला मिळावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, नोव्हेंबर २००० मध्ये निकाल लागला, आणि अनेक घरांतल्या नोकऱ्या त्या प्रश्नावर टांगल्या गेल्या. त्यामुळे रेकॉर्डरसमोर लोक शब्द तोलून बोलतात, आणि ते योग्यच आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची प्रत, जातीचा दाखला, पडताळणीचे कागद यांचे फोटो काढू नका. ते तुमच्याकडे असणं हीच जोखीम आहे. विषय कामाचा, हुनराचा, घराचा ठेवा.

संमती तीन पायऱ्यांची

एकच फॉर्म आणि एकच सही, हा प्रकार टाळा. बैठकीत बोलणं, त्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवणं आणि ते इंटरनेटवर टाकणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र ‘हो’ किंवा ‘नाही’ घ्या. पुष्कळ बायका पहिल्या दोन्हींना राजी असतात आणि तिसऱ्याला नसतात. नातलगांच्या फोनवर आपला चेहरा फिरायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. मग नुसता आवाज चालेल का ते विचारा.

वाचता येत नसेल तर संमती तोंडी घ्या आणि तीच रेकॉर्ड करा: नाव, तारीख, कशाला हो, कशाला नाही. आणि बैठक झाल्यावर पुन्हा विचारा. माणूस ओघात असं काही बोलून जातो जे आधी ठरवलेलं नसतं. शेवटची दहा मिनिटं याचसाठी राखायची.

मानधन द्यायचं. बिडी वळणारी किंवा हातगाडी ओढणारा माणूस तुमच्यासाठी रोजी बुडवतो. निदान एका दिवसाच्या मजुरीएवढी रक्कम, तिघांना सारखी, बैठकीच्या आधी पाकिटात. सर्वांसमोर देऊ नका. येण्या-जाण्याचा ऑटो वेगळा.

दिवस, वेळ, जागा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरातला बैठकीचा मोसम. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो, आणि कूलर लावला की रेकॉर्डिंग वाया, नाही लावला की माणसं वाया. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक, अशोक विजयादशमी, ताजबागचा उर्स या दिवसांना हात लावू नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीत बंदोबस्तामुळे लोक पोचत नाहीत. बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या की माइकची परवानगी मागायलाही जाऊ नका.

रविवारी दुपारी साडेचार बहुतेकांना जमतं. डिसेंबरात साडेपाचनंतर अंधारून येतं, म्हणून बाहेर बसणार असाल तर दिव्याची सोय आधीच करा. मोमिनपुऱ्यात असर आणि मगरिबच्या नमाजाच्या वेळा पाहून मांडणी करा. घरकाम करणाऱ्या बायकांची बैठक मात्र दुपारी दोन ते चार, त्याआधी-नंतर त्या मोकळ्या नसतात.

जागा वस्तीतली. समाजभवन, विहाराचा हॉल, शाळेचा वर्ग, मोठं अंगण. सीताबर्डी किंवा सिव्हिल लाइन्सचं वातानुकूलित सभागृह मिळत असलं तरी पहिली बैठक तिथे घेऊ नका. तिथे सांगणारी आजी पाहुणी होते आणि ऐकणारे यजमान. वस्तीत हे उलटं राहतं. एक अडचण मात्र आहे: विहारात मुस्लिम शेजारी येतील का, मशिदीजवळच्या हॉलमध्ये इतर बायका येतील का, हे आधी विचारून घ्या. मिश्र श्रोते हवे असतील तर शाळा बरी.

मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. अर्ज आठवडाभर आधी द्या. चाळीस माणसांसाठी खरं तर स्पीकर लागतच नाही. एक लहान, खांद्याला अडकवायचा पुरतो.

बसायला चार मोठ्या सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी बारा खुर्च्या. दोन ओळींचं वर्तुळ करा, व्यासपीठ नको. खुर्च्या वर्तुळातच मिसळा, नाहीतर त्या आपोआप ‘मान्यवरांची रांग’ बनतात. चाळीस माणसांना साठ कप चहा सांगा, काहींना दोनदा हवा असतो. पोहे तर्रीसकट ठेवायचे असतील तर ते शेवटी. आधी दिले की पहिला सांगणारा प्लेटांच्या आवाजात बुडतो.

बाहेरचे श्रोते एकतृतीयांशाहून जास्त नकोत. निमंत्रण देतानाच त्यांना सांगा: मोबाइलने फोटो नाही, ‘तुम्ही लोक’ नाही.

दोन तासांची आखणी

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि ‘पाहुण्यांचा परिचय’ यांत नागपूरचा कुठलाही कार्यक्रम अर्धा तास सहज घालवतो. हा अर्धा तास तुमच्याकडे नाही.

– ४.१५ ते ४.३०: लोक येतात, चहा.
– ४.३०: सूत्रधाराचं पाच मिनिटांचं बोलणं. विषय, नियम, रेकॉर्डिंग होत आहे ही सूचना.
– ४.३५ ते ५.१५: तीन सांगणारे, प्रत्येकी बारा मिनिटं, हातात आपापली वस्तू.
– ५.१५ ते ५.३५: सहा-सात जणांचे गट, प्रत्येक गटाला एक फोटो किंवा वस्तू आणि एक प्रश्न.
– ५.३५ ते ६.१०: सगळे मिळून.
– ६.१० ते ६.२०: सांगणाऱ्यांशी संमतीचं दुसरं बोलणं. बाकीच्यांना पोहे.

बारा मिनिटं कमी वाटतात. पण पूर्वभेटीतल्या रेकॉर्डिंगमधून त्यांच्यासोबत बसून दोन प्रसंग निवडलेले असतील तर पुरतात. कागदावर लिहून देऊ नका. वाचायला लागलं की आवाज शाळेतल्या भाषणासारखा होतो. सूत्रधार शेजारी बसून पहिला प्रश्न विचारतो, तेवढं पुरे.

गटांतला वेळ कापण्याचा मोह होईल, कापू नका. चाळिसांत न बोलणारी सून सहांमध्ये बोलते. आणि गटाकडून सारांश मागू नका, एक प्रश्न मागा. सारांश कंटाळवाणे असतात, प्रश्नांवर गोष्ट पुढे सरकते.

काय बिघडतं

*कोणीच बोलत नाही.* बहुतेकदा प्रश्न फार मोठा असतो. ‘आपल्या संस्कृतीबद्दल काय वाटतं?’ याला उत्तर नसतं. ‘या फोटोतल्या बाईच्या हातात काय आहे?’ याला असतं. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. नवखा सूत्रधार तीनवर घाबरतो आणि स्वतःच उत्तर देतो.

*जाणकार माइक घेतो.* सेवानिवृत्त प्राध्यापक, हौशी इतिहासकार, ‘मी यात थोडी भर घालतो’ म्हणणारे. माणूस चांगला असतो, पण त्याच्यानंतर अक्काबाई बोलत नाहीत. नियम आधीच सांगा: दोन मिनिटं, आणि आधी स्वतःच्या घरातलं, मग पुस्तकातलं. माइक सूत्रधाराच्या हातातच ठेवा, देऊन टाकू नका.

*नगरसेवक येतात.* येऊ द्या, वर्तुळात बसवा. बोलायचंच असेल तर शेवटी दोन मिनिटं, आणि त्यांनाही तोच प्रश्न: तुमच्या घरी काय होतं? कधीकधी त्यातून छान गोष्ट निघते.

*सगळं गोड होतं.* ‘आमच्या काळी काय दिवस होते!’ हा सूर लागला की मजुरी विचारा, पाण्याची पाळी विचारा, विहीर कोणाला बंद होती ते विचारा. अपमानाच्या गोष्टी उकरून काढायच्या नाहीत, पण निघाल्या तर झाकायच्याही नाहीत. जातिवाचक जुना शब्द सांगणाऱ्याने स्वतः वापरला तर तो त्याचा हक्क. सूत्रधाराने तो पुन्हा उच्चारू नये. राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, म्हणून नकाशा लावणार असाल तर आजचं नाव छापा आणि जुनं नाव ठेवायचं का ते रहिवाशांना ठरवू द्या.

*कोणी रडतं.* रेकॉर्डर बंद, पाणी, थांबा. टाळ्या वाजवू नका. पुढे बोलायचं का, ते त्यांनाच विचारा.

शोकाचा विषय मुद्दाम घेणार असाल तर आणखी सांभाळा. गोवारी दुर्घटनेत ११४ माणसं गेली. २३ नोव्हेंबरला त्यांची कुटुंबं स्मारकाकडे असतात, त्या दिवशी बैठक ठेवू नका. आणि चेंगराचेंगरीचं वर्णन मागू नका, ते वर्तमानपत्रांत आहे. गेलेला माणूस कसा होता, गुरं राखायला कुठवर जायचा, हे विचारा. पुढे काय सांगायचं ते सांगणाऱ्याच्या मनावर.

दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर

जुळणार नाहीतच. मारबतीचं उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईचा निषेध, असं एक जण सांगतो. रोगराई गावाबाहेर घालवायची जुनी रीत आहे, असं दुसरा. तिसऱ्याच्या लेखी ती आपल्या मंडळाची आणि आपल्या आजोबांची.

मतदान घेऊ नका. फळ्यावर तिन्ही लिहा, प्रत्येकापुढे ‘कोणाकडून ऐकलं’ हा रकाना. एवढ्याने भांडण थांबतं, कारण वाद खरं-खोट्यावरून कोणाच्या आजोबांनी काय सांगितलं यावर येतो, आणि त्याला कोणी खोटं म्हणत नाही. सालाबद्दल मात्र कागद पाहा. आठवणीने घटनेचा अर्थ कळतो, तारीख कागदाने.

कागद पाहताना इंग्रजी अमदानीतली साधनं हाताशी येतात: नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियर, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथ. बाजारपेठा, पिकं, मागांची माहिती यांसाठी ती कामाची. पण समाजांच्या ‘स्वभावा’ची त्यांतली वर्णनं अपमानास्पद आहेत. ती वस्तीत वाचून दाखवू नका. उलट बाजूने, बायकांच्या आठवणींतून इतिहास किती भक्कम उभा राहतो ते पाहायचं तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून केलेलं, १९८९ साली आलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचा. नागपुरात २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित महिलांची परिषद शहरातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्या परिषदेला गेलेल्या आजीची गोष्ट आता नातीकडेच उरली असेल. नातीला बोलवा.

आवाज आणि नोंद

चांगला फोन आणि एक कॉलरचा माइक एवढ्यावर काम होतं. फोन विमान मोडवर, बॅटरी पूर्ण, मेमरी निम्मी तरी रिकामी. माइक तोंडापासून वीतभर खाली, पदराला किंवा दागिन्याला घासणार नाही असा. काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र यांचा आवाज बोलण्याइतकाच टिपला जातो. शक्य असेल तर दुसरा फोन वर्तुळाच्या मध्ये ठेवा, श्रोत्यांचे प्रश्न त्यात येतात.

पंखा, कूलर, फ्रिज बंद. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो, तिथे भिंतीला दोन सतरंज्या किंवा गोधड्या टांगा. सुरू करण्याआधी एक मिनिट रेकॉर्ड करून कानात लावून ऐका. हे एक मिनिट वाचवणारेच नंतर रडतात.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टीरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी जागा, मोनोला निम्मी. व्हॉट्सॅपवरून पाठवलेला आवाज किंवा फोटो ही मूळ प्रत समजू नका, त्यात बारकावे गेलेले असतात. फोटो सपाट ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन. काचेला चिकटलेला फोटो फ्रेममधून ओढून काढू नका, फ्रेमसकट तिरप्या उजेडात टिपा. मागची बाजूही घ्या, नावं तिथेच असतात.

त्याच रात्री फाइलींना नावं द्या: वर्ष, महिना, दिवस, वस्ती, क्रमांक. ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ या नावाची फाइल सहा महिन्यांनी कोणाचीच नसते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या घरात.

उतरवून काढायला तासाभराच्या आवाजामागे सहा ते आठ तास धरा. भाषा सुधारू नका. आजी म्हणाल्या, ‘काऊन बंद केला माग, तर पोट भरून नाई राहिलं होतं,’ तर तसंच लिहा. ‘उदरनिर्वाह होत नसल्याने माग बंद करावा लागला’ असं लिहिलं की आजी त्या वाक्यातून उठून जातात. मोमिनपुऱ्यातली नागपुरी हिंदी हिंदीतच ठेवा, खाली मराठी द्या. ऐकू न आलेल्या जागी टिंबं आणि वेळ लिहा, अंदाजाने भरू नका.

परत देणं

तीन आठवड्यांच्या आत प्रत्येक सांगणाऱ्याच्या घरी जा. सोबत रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह, फोटोंच्या छापील प्रती, आणि उतरवलेला मजकूर मोठ्या अक्षरांत. तो वाचून दाखवा. चुका सुधारतील, काही ओळी काढायला सांगतील. काढा. ‘पण तीच ओळ चांगली होती’ असं मनात येईल, ते मनातच ठेवा.

मग आठ पानांची पुस्तिका, समाजभवनात आणि शाळेत ठेवायला. शाळेला दिलीत तर गुरुजींना एक तास मागा, मुलांना घरी विचारायचे पाच प्रश्न द्या. पुढच्या बैठकीचा विषय बहुधा त्या उत्तरांतून मिळतो. विद्यापीठाच्या विभागाला किंवा वाचनालयाला प्रत द्यायची असेल तर पत्रात लिहून घ्या: मालकी सांगणाऱ्याची, वापरण्याआधी विचारणं बंधनकारक.

जमाखर्च एका कागदावर लिहून समाजभवनाच्या भिंतीला लावा, चहाच्या बिलापासून मानधनापर्यंत. वस्तीतला संशय बहुतेक वेळा पैशाचाच असतो, आणि तो बोलून दाखवला जात नाही.

इंटरनेटवर टाकलेली गोष्ट कधीतरी कोणीतरी काढायला सांगेल. सांगणारी आजी गेल्यावर मुलगा सांगेल, किंवा नातीचं लग्न ठरल्यावर आई. आजीने स्वतः स्पष्ट ‘हो’ म्हटलेलं असेल तर घरच्यांना ती संमती ऐकवा आणि महिनाभर थांबून पुन्हा विचारा. तोवर गोष्ट झाकून ठेवा. सांगणाऱ्यानेच काढायला सांगितलं तर कारण न विचारता दोन दिवसांत काढा, आणि ज्या-ज्या ठिकाणी प्रत गेली आहे तिथेही कळवा. त्यासाठी कोणती प्रत कोणाला, कधी दिली याची वही पहिल्या पूर्वभेटीपासून ठेवावी लागते.